रुजू झाल्यानंतर

एके काळी सरकारी कचेरीतली वेताची खुर्ची उसवली की ती विणायचं काम अंध कारागिरांकडे जाई. विणायला बोटं लागतात, डोळे नसले तरी चालतं, असा साधा हिशेब होता. पुढे मोठ्या कार्यालयांत टेलिफोनचे बोर्ड आले आणि त्यांच्यापुढे अंध ऑपरेटर बसू लागले. मुंबईत 1952 साली सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी अशा रोजगारासाठी खूप खटपट केली आणि त्यावर कितीतरी संसार उभे राहिले. मग रेक्झिनच्या खुर्च्या आल्या, बोर्ड जाऊन प्रत्येकाच्या टेबलावर थेट नंबर आला, नंतर मोबाइल आला. काम गेलं, माणसं मात्र हजेरीपटावर राहिली. ऑपरेटरच्या पदावरचा माणूस बोर्ड नसलेल्या खोलीत सहा-सहा तास नुसता बसून आहे, हे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिलं आहे. पगार पहिल्या तारखेला जमा होतो, तक्रार कुणाचीच नाही. ‘साहेब, काहीतरी काम द्या’ असं म्हणत आस्थापना शाखेत येणारे कर्मचारी विरळाच. माझ्या नोकरीत असे जे भेटले, ते बहुतेक दिव्यांग होते.

या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. दिव्यांग माणसाला नोकरी मिळावी यासाठी आपल्याकडे कायदा आहे, आरक्षण आहे, बिंदुनामावली आहे, अनुशेषाचे तक्ते आहेत. जाहिरात निघते, परीक्षा होते, प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि एके दिवशी तो उमेदवार रुजू होतो. रुजू अहवाल सादर झाला की कागदावरचं सगळं काम संपतं. त्याच्यापुढची पंचवीस-तीस वर्षं तो माणूस तिथे काय करतो, कसा जिना चढतो, कुठलं पत्र वाचू शकतो, बैठकीत काय ऐकू शकतो, याची नोंद ठेवणारी नोंदवही कुठल्याच कपाटात नाही.

कायद्याची बाजू आधी उरकून घेतो, कारण ती बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि सरकारी नोकरीत तीन टक्के जागा होत्या. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात प्रकार एकवीस झाले आणि जागा चार टक्के. अंध आणि अल्पदृष्टी यांना एक टक्का, कर्णबधिरांना एक, हातापायांच्या अपंगत्वाला एक. या तिसऱ्या टक्क्यात कुष्ठमुक्त आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तीही येतात. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले गेले. ती मोजणी जुन्या प्रकारांवरची होती, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार.

हे टक्के आता कार्यालयांना पाठ झाले आहेत. पाठ झालेलं नाही ते याच कायद्यातलं ‘वाजवी सोय’ हे प्रकरण. एखाद्याला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून कामाच्या पद्धतीत, वेळेत, साधनांत किंवा जागेत करायचा आवश्यक तो बदल म्हणजे वाजवी सोय. अट एकच, तो बदल करणाऱ्यावर त्याचा अवाजवी बोजा पडू नये. सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ही कल्पना फार स्वच्छ मांडली. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक हवा होता आणि त्याचं अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मापात बसत नाही म्हणून तो नाकारला होता. न्यायालयानं सांगितलं, चाळीस टक्क्यांचं माप आरक्षणासाठी आहे, सोय मिळण्यासाठी नाही. आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. आजही कित्येक कार्यालयांत अर्ज आला की पहिला प्रश्न ‘टक्के किती?’ हाच असतो. तो विचारणाऱ्यानं हा निकाल एकदा वाचावा.

‘सोय’ म्हटलं की आपल्याकडे उपकाराचा वास येतो. पण कुठल्याही कार्यालयात फिरून पाहा, सोयींशिवाय एकही माणूस काम करत नाही. डोळस कर्मचाऱ्यांसाठी दिवसभर दिवे जळतात आणि त्यांचं बिल कार्यालय भरतं. अंध कर्मचाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही; तो कधी म्हणत नाही की तुमच्यावर केवढा खर्च होतो. दोन पायांनी चालणाऱ्यांना खुर्ची सरकारी लागते; चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आपली खुर्ची घरून घेऊन येतो.

आता थोडं जवळून पाहू. अंध लिपिक संगणकावर काम करतो ते स्क्रीन रीडरच्या मदतीनं. पडद्यावरचा मजकूर ही प्रणाली मोठ्यानं वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांनी 2006 पासून उभी केलेली एनव्हीडीए ही प्रणाली फुकट मिळते आणि मराठीही वाचते. म्हणजे कार्यालयाला एक संगणक आणि हेडफोन एवढंच द्यायचं आहे. अडतं कुठे? वरच्या कार्यालयातून परिपत्रक येतं ते कागदावर सही-शिक्का करून, मग स्कॅन करून. संगणकाच्या दृष्टीनं ते पत्र नसतंच, पत्राचा फोटो असतो. स्क्रीन रीडर त्यावर येऊन गप्प बसतो. दुसरी अडचण खास आपली आहे. कितीतरी कार्यालयांत अजून जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकलेखन चालतं. डोळ्यांना तिथे ‘महाराष्ट्र शासन’ दिसतं, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच इमानेइतबारे वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर गडबडगुंडा पडतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं फाइल युनिकोडमध्ये टंकित करून, स्कॅन न करता पाठवली, तर हा अंध लिपिक तिच्यावर टिपणी लिहून संध्याकाळच्या आत वर पाठवेल. पाठवली नाही, तर कुणाला तरी ‘जरा वाचून दाखवता का’ असं विनवत फिरेल. मग दोन वर्षांनी त्याच्या गोपनीय अहवालात शेरा पडतो, ‘इतरांवर अवलंबून’. (हे पुस्तक युनिकोडमध्येच जुळवावं, असा हट्ट आम्ही प्रकाशकांकडे धरला आणि त्यात छपाई थोडी लांबली.)

उताराची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटरची असेल, तर एकूण उंची पंचेचाळीस सेंटिमीटर आणि उतार पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांब. शिवाय दोन्ही बाजूंना कठडा. प्रत्यक्षात कंत्राटदार त्याच तीन पायऱ्यांच्या बाजूला दीड-दोन मीटरमध्ये सिमेंटची घसरगुंडी ओततो, निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढतो, अभियंता मोजमाप-पुस्तकात नोंद घेतो आणि बिल निघतं. त्या उतारावरून एकट्यानं वर जाणं धडधाकट बाहूंच्या खेळाडूलाही कठीण. उतरताना तर खुर्ची थेट रस्त्यावर. पुढे त्यावरून शिपायांच्या मोटारसायकली चढू लागतात, म्हणून साखळी लावतात. साखळीची किल्ली कुणाकडे असते ते विचारू नये.

स्वच्छतागृहाबद्दल आपल्याकडे बोलायला संकोच वाटतो, म्हणून मुद्दाम लिहितो. चाकाच्या खुर्चीवरच्या, कुबड्यांवरच्या, विशेषतः महिला कर्मचारी कामाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण एकच, संध्याकाळी घरी जाईपर्यंत जाता येईल अशी जागा नाही. वर्षानुवर्षं असं केलं की मूत्रमार्गाचे आजार जडतात आणि मग रजा वाढतात. रजा वाढल्या की ‘यांना ठेवून काय उपयोग’ ही कुजबूज सुरू होते. ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असलेलं स्वच्छतागृह नव्या इमारतीत असतंही. त्याचं दार उघडून पाहा. आत बादल्या, झाडू, फुटलेल्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या वेळचे उरलेले खोके सापडतात. दार नव्वद सेंटिमीटर मोकळं हवं, ते बाहेरच्या बाजूला उघडावं, आत खुर्ची फिरवण्याइतकी जागा आणि धरायला दांडे हवेत. यात अवघड काहीच नाही. पण अशी मापं वर्षानुवर्षं ‘मार्गदर्शक तत्त्वं’ म्हणून राहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, ते सक्तीच्या नियमांत आणा. सुगम्य भारत अभियान सुरू झालं होतं 3 डिसेंबर 2015 ला. मधली नऊ वर्षं कुठे गेली याचं उत्तर त्या खोक्यांत असावं.

कर्णबधिर सहकाऱ्यांच्या बाबतीत ‘लिहून दिलं की झालं’ असा एक गोड समज आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्याची पहिली भाषा खुणांची असते. लिहिलेली मराठी त्याला शाळेत, परक्या भाषेसारखी शिकावी लागते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ या थाटाचं पत्र त्याच्यापुढे ठेवून त्याला ते समजलं नाही, तर दोष कुणाचा? (मला स्वतःलाही ते वाक्य कधी धड समजलेलं नाही.) महत्त्वाच्या बैठकीला, प्रशिक्षणाला, विभागीय चौकशीला खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा. रोजच्या कामाला छोटी वाक्यं, तोंडासमोर हात न धरता बोलणं आणि बैठकीत एका वेळी एकानंच बोलणं एवढं पुरतं. या शेवटच्या सोयीचा लाभ बैठकीतल्या सगळ्यांनाच होईल. आगीचा भोंगा मात्र विसरू नये: तो ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लुकलुकणारा दिवा हवा. काम मुळातूनच वेगळ्या रीतीनं आखलं तर काय होतं, हे पाहायचं असेल तर मुंबईच्या मिरॅकल कुरिअर्सकडे पाहावं. ध्रुव लाक्रा यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात पाकिटं पोचवणारे तरुण कर्णबधिर आहेत. पत्ता वाचायला, शहर ओळखायला आणि सही घ्यायला कान लागत नाहीत. निरोप मोबाइलवर लिहून येतो.

जे दिसतच नाही, त्या अपंगत्वाची परवड सर्वांत जास्त. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत आणि 2016 च्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तिन्ही आहेत. सिकलसेल असलेली ग्रामसेविका किंवा वनरक्षक वरून धडधाकट दिसते. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, दमछाक झाली की असह्य कळा सुरू होतात आणि दवाखाना गाठावा लागतो. तिला हवं आहे ते इतकंच: भर उन्हातल्या फिरतीचं नियोजन थोडं बदलणं, पाण्याची सोय, आणि दुखणं आलं तर ‘सोंग’ न म्हणणारा वरिष्ठ. मानसिक आजाराबद्दल तर लोक सांगतच नाहीत. औषधाची झोप सकाळी उतरत नाही म्हणून तासभर उशिरा येऊन तासभर उशिरा जाण्याची परवानगी, एवढ्यावर नोकरी टिकते अशी उदाहरणं आहेत. पण ती मागायची तर आजाराचं नाव घ्यावं लागतं आणि नाव घेतलं की ते दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचतं. माहितीची गोपनीयता या पुस्तकात वेगळं प्रकरण करून घेतली आहे ती त्यासाठी.

बोगस प्रमाणपत्रांचा विषय इथे टाळता येणार नाही. 2024 साली महाराष्ट्रात गाजलेल्या एका प्रकरणानंतर दिव्यांग कर्मचाऱ्यांची फेरतपासणी हा कार्यालयांचा आवडता उद्योग झाला. खोट्यांना हुडकून काढलंच पाहिजे, त्यांनी खऱ्यांच्या जागा खाल्ल्या आहेत. पण तपासणीचा त्रास पडतो तो खऱ्यांवर. वीस वर्षं एकाच कार्यालयात कुबड्यांवर वावरणाऱ्या माणसाला जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत पुन्हा उभं करताना निदान त्याच्या जाण्यायेण्याची तरी व्यवस्था करावी.

नोकरीत असताना अपंगत्व येणाऱ्यांबद्दल कायदा कमालीचा स्पष्ट आहे आणि तितकाच अज्ञात. अपघात, पक्षाघात, मधुमेहानं गेलेली नजर, अशा कारणांनी सरकारी कर्मचारी आपल्या पदाचं काम करू शकत नसेल तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचं. 1995 च्या कायद्यातही हे होतं. 2003 सालच्या कुणाल सिंग खटल्यात, सुरक्षा दलातल्या, पाय कापावा लागलेल्या शिपायाला दलानं घरी पाठवलं होतं. रुग्णता निवृत्तिवेतन दिलं म्हणजे जबाबदारी संपली, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला नाही. तरीही आज पक्षाघात झालेल्या कर्मचाऱ्याच्या बायकोला आस्थापना शाखेतून पहिला सल्ला मिळतो तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरण्याचा. सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला नियम ठाऊक नसतो, आणि घाबरलेल्या बाईला तो विचारायचं सुचत नाही.

खासगी क्षेत्रावर आपल्या कायद्यानं जागांची सक्ती ठेवलेली नाही. फ्रान्समध्ये सहा टक्के आणि जर्मनीत पाच टक्के जागा न भरणाऱ्या, वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे पाच टक्के दिव्यांग नेमणाऱ्यांना सवलती द्याव्यात, एवढंच म्हटलं आहे. पण प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, ते आयुक्तांकडे नोंदवायचं आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारी नेमायचा आहे, हे खासगी कंपन्यांनाही लागू आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत यातलं बरंच काही वेबसाइटवर छापलेलं सापडतं. भोसरीच्या शेडमध्ये बहुधा कुणी ऐकलेलंही नसतं. गंमत अशी की दिव्यांग कामगाराला सांभाळून घेण्याची रीत मला शेडमध्ये जास्त आढळली. तिथला मालक यंत्राची उंची स्वतः पान्हा घेऊन बदलतो. काचेच्या इमारतीत त्यासाठी चार मंजुऱ्या लागतात. खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेतली जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही सल्लासेवा मालकांना वर्षानुवर्षं विचारत आली आहे की सोय करायला किती पैसे लागले. जवळपास निम्मे मालक सांगतात, काहीच नाही.

दरवर्षी 3 डिसेंबरला दिव्यांग कर्मचाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. त्याला माझा विरोध नाही, पण शालीपेक्षा बढतीच्या यादीत नाव येणं त्यांना जास्त आवडेल. ‘प्रेरणादायी’ म्हणून गौरवलेल्या माणसाला जोखमीचं काम कुणी देत नाही, दौऱ्यावर पाठवत नाही, प्रशिक्षणाला नाव सुचवत नाही. ‘कशाला त्रास’ असं म्हणून त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवून ठेवतात आणि मग अनुभव नाही म्हणून वर नेत नाहीत. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले आणि पुढे पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात नोकरी करत राहिले. पदकाची गोष्ट आता सर्वांना ठाऊक आहे. कारखान्यातल्या त्या वर्षांबद्दल कुणी फारसं विचारत नाही. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, हेल्पर्स ऑफ दि हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं. ते आस्थापना विभागातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असायला हवं.

पुढची प्रकरणं कार्यालयप्रमुख, आस्थापना लिपिक, संपर्क अधिकारी आणि खुद्द दिव्यांग कर्मचारी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अर्जांचे नमुने परिशिष्टात आहेत. तेवढे झेरॉक्स काढून वापरले तरी हरकत नाही. सर्वांत उपयोगी नमुना मला वाटतो तो एका पानाचा, रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठानं आणि कर्मचाऱ्यानं एकत्र बसून भरायचा: कामातला कुठला भाग अडतो, त्याला काय लागेल, ते कोण आणि कधीपर्यंत देणार, पुन्हा कधी बसायचं. यात ‘कोण’ हा रकाना रिकामा सोडला तर बाकीचं पान भरून उपयोग नाही.

पुस्तकाची एक मर्यादा सांगायलाच हवी. महाराष्ट्रातले बहुसंख्य कष्टकरी दिव्यांग कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. ते विड्या वळतात, टपरी चालवतात, शिवणयंत्रावर बसतात, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. त्यांना संपर्क अधिकारी नाही, सेवापुस्तक नाही, अधिसंख्य पदही नाही. 1977 साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या या राज्यात त्यांचा विचार झालाच नाही असं नाही. मनरेगाच्या मार्गदर्शक सूचनांतही दिव्यांगांना देता येतील अशा कामांची यादी होती, पाणी देण्यापासून मजुरांची मुलं सांभाळण्यापर्यंत. पण त्या यादीत स्वतःचं नाव बसवून घ्यायला ग्रामपंचायतीत जावं लागतं, आणि बहुतेक ग्रामपंचायतींच्या दाराशी पुन्हा त्या तीन पायऱ्या आहेत. त्यांच्याविषयी लिहायला कार्यालयाबाहेर, गावोगाव फिरलेला माणूस हवा. या पुस्तकाच्या लेखकांत तसं कुणी नाही.